लाल टोक डोक्याकडे

डिलाईल रोड, मुंबई
रविवार, १२ मे २०२४

प्रिय आत्या,

जय भीम. गुडघ्याला लावायचं तेल पोचलं का, आणि पोचलं असेल तर लावतेस का, हे आधी कळव. बाबा म्हणतात, तू बाटली फडताळात ठेवून देशील आणि आल्यागेल्याला दाखवशील. इकडे सगळे बरे आहेत. आईचा खोकला गेला. फोनवर तुला माझं अर्धं बोलणं ऐकू येत नाही आणि उरलेल्या अर्ध्याला तू 'हो हो' करतेस, म्हणून हे पत्र. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय.

तू बाबांना विचारलंस की आकांक्षा स्टॅटिस्टिक्स शिकते, मग लहान मुलांच्या इस्पितळात काय करते. बाबा चाळीत सगळ्यांना 'डॉक्टरांच्या हाताखाली आहे' असं सांगतात, त्यावर जाऊ नकोस. लालबागच्या बालाधार इस्पितळाने यंदा कॉलेजच्या सहा मुलांना आठ आठवड्यांच्या इंटर्नशिपला घेतलंय. अर्ज दोनशेच्या वर होते. आम्ही बसतो कॅज्युअल्टीत, म्हणजे अठ्ठावीस वर्षं तू जिथे लाद्या पुसल्यास, पोरं उचललीस तशाच जागी. फक्त आम्ही औषधाला हात लावायचा नाही. आम्ही मोजायचं आणि लिहायचं.

काय मोजायचं ते सांगते. फिट येणारं मूल आलं की त्याला वजनकाट्यावर ठेवायला वेळ नसतो, आणि औषध तर वजनावर ठरतं. म्हणून एक लांब रंगीत फीत असते. मूल खाटेवर आडवं झालं की ती शेजारी पसरायची, लाल टोक डोक्याकडे. टाच जिथे येते तिथे किलोचा आकडा छापलेला असतो. पण ही फीत परदेशातल्या मुलांवरून बनवलेली. आपली पोरं तेवढ्याच उंचीला बारीक. मग आकडा जास्त येतो का, आला तर किती, हे कोणी नीट मोजलेलं नाही. डॉ. रश्मी तेंडोलकरांनी ते मोजायला घेतलंय. चारशे मुलं, प्रत्येकाचा फितीवरचा आकडा एका रकान्यात आणि काट्यावरचा दुसऱ्या. फितीचा आकडा आम्ही फक्त लिहायचा, उपचार करणाऱ्यांना सांगायचा नाही. कारण तो बरोबर आहे की नाही हेच तर शोधायचंय.

मॅडमबद्दल तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही. गिरगावच्या आहेत, पन्नाशीच्या, केस कापलेले, पायात पुरुषांसारखे बूट. खाटेजवळ गेल्या की आधी मुलाशी बोलतात, मग आईबापांशी. उभ्याने कधी बोलत नाहीत. एक बुटकं स्टूल पायाने सरकवत नेतात आणि त्यावर बसतात, म्हणजे आई वर आणि डॉक्टर खाली. पहिल्या दिवशी आम्हाला म्हणाल्या, "परवानगी मागताना समोरच्याला नाही म्हणायची वाट मोकळी ठेवा. ती वाट बंद करून मिळालेली सही मला नको." मूल अगदीच अत्यवस्थ असेल तर आधी उपचार, आकडा लिहून ठेवायचा, आणि सगळं शांत झाल्यावर विचारायचं. नाही म्हणाले तर तो कागद रद्द.

परवा एक रामदास नावाचे आजोबा नातवाला घेऊन आले. दम्याचा त्रास. मी फॉर्म काढल्याबरोबर म्हणाले, "आमच्या पोरावर प्रयोग करणार? गिरणीत आमच्यावर केले तेवढे पुरे झाले." मॅडम स्टूल सरकवत आल्या. म्हणाल्या, "काका, नाही म्हणालात तरी डॉक्टर हाच, खाट हीच, औषध हेच. फक्त फीत आणि काटा लावायचाय." आजोबांनी फीत हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि म्हणाले, "आधी मला लावा." उभ्याने लावली. फीत त्यांच्या खांद्याशीच संपली. नातू मास्कमधून हसला, तो दिवसभरातला त्याचा पहिला आवाज. मग सही केली, वळणदार मोडी अक्षरासारखी.

आणि सीमा सिस्टर. चोवीस वर्षं याच कॅज्युअल्टीत. मूल हातात घेतलं की वजन सांगतात, आणि काट्यावर फरक पडतो तो पाव किलोचा. मी म्हटलं, सिस्टर, मग फितीची गरज काय? म्हणाल्या, "मी रजेवर गेले की?"

मला इथे फार आवडतं, आत्या. डॉक्टरकीच्या 'नीट' परीक्षेत मार्क कमी पडले तेव्हा वाटलं होतं, या दारातून आत जायचं राहून गेलं. आता रोज आत जाते.

तुझी,
आकांक्षा

डिलाईल रोड
रविवार, २६ मे

प्रिय आत्या,

जय भीम. गुरुवारी बुद्धपौर्णिमा झाली. सकाळी विहारात गेलो, आईने खीर केली, चाळीतल्या सगळ्यांना वाटली. तू असतीस तर वेलची कमी म्हणाली असतीस. समोरच्या गॅलरीचा कठडा नवीन बसवतायत, त्याचा आवाज दिवसभर. तुझ्याकडे आंब्याचं कसं काय? इकडे यंदा महाग आहे असं आई म्हणते.

मी हल्ली दादरच्या वाचनालयात बरीच बसते. थंड असतं. खिडकीतून एक पिंपळ दिसतो.

इस्पितळाचं काम ठीक. थोडं थांबलंय सध्या, कागदपत्रांचं काही आहे. मॅडम बऱ्या आहेत. सगळे बरे आहेत.

चार ओळी जास्त लिहायच्या होत्या पण हात दुखतोय. तेल लाव.

तुझी,
आकांक्षा

डिलाईल रोड
रविवार, ९ जून

प्रिय आत्या,

तुझं कार्ड आलं. पोस्टमन बाबांच्या हातात देत होता, मी मधेच घेतलं. 'काय झालं ते लिही. गोल गोल लिहू नको.' एवढंच. मागच्या पत्रात मी खिरीवर एवढं लिहिलं तिथेच तुला कळलं असणार.

लिहिते. आधी हे की मूल बरं आहे.

मंगळवार, २१ मे. दुपारचे सव्वादोन. वरळी कोळीवाड्यातून एक आई आठ महिन्यांची मुलगी घेऊन धावत आली. खरी नावं लिहायची नाहीत असा नियम आहे, म्हणून मी त्या बाईंना प्रिती म्हणते आणि त्यांच्या नवऱ्याला निलेश. बाळाला ताप होता आणि फिट येत होती, हातपाय ताठ, डोळे वर. त्या दिवशी कॅज्युअल्टीत डॉ. हितेंद्र होते, अजून शिकतच असलेले, पण हाताला चांगले. सीमा सिस्टर दुसऱ्या खाटेवर एका भाजलेल्या मुलाचं ड्रेसिंग करत होत्या.

मी फीत घेऊन गेले आणि बाळाशेजारी पसरली. हितेंद्र सरांनी सुई घातली, औषध भरायला घेतलं आणि मान वर न करता विचारलं, "वजन किती?" प्रितीला काही सुचत नव्हतं. ती नुसती "माजे पोरीला बघा" म्हणत होती. मी फितीवरचा आकडा वाचला आणि म्हणाले, "अकरा."

फीत उलटी पडली होती, आत्या. लाल टोक पायांच्या पलीकडे आणि दुसरंच टोक बाळाच्या डोक्याशी. पहिल्या दिवशी शिकवलेली पहिली गोष्ट. आणि सरळ पडली असती तरी मी तो आकडा बोलायचा नव्हता.

औषध आत गेलं. फिट थांबली. सगळ्यांना बरं वाटलं, मलाही. मग बाळाचा श्वास मंद झाला, आणि मग दिसेनाच. सीमा सिस्टर हातातलं ड्रेसिंग टाकून आल्या, बाळाच्या मानेखाली हात घातला आणि त्याच क्षणी म्हणाल्या, "हे अकरा किलोचं बाळ नाही." आवाज चढवला नाही. तोंडावर मास्क धरला आणि त्याला जोडलेला हवेचा फुगा दाबायला लागल्या. दाबायचा, सोडायचा, दाबायचा, सोडायचा. हितेंद्र सरांनी मॅडमना बोलावलं. मॅडम आल्या, बाळाच्या छातीकडे बघत उभ्या राहिल्या, सिस्टरांच्या हातातून फुगा घेतला नाही. म्हणाल्या, "तुमचा ताल चांगला बसलाय, तुम्हीच चालू ठेवा."

नऊ मिनिटं. मला माहीत आहे, कारण वेळ लिहिणं हे माझं काम होतं आणि मी ते करत होते. दर मिनिटाला एक ओळ. दुसरं काय करावं ते मला येत नव्हतं. दहाव्या मिनिटाला बाळ स्वतः श्वास घ्यायला लागलं आणि थोड्या वेळाने रडलं. मग काट्यावर ठेवलं. सहा किलो दोनशे.

आता जे लिहायचंय ते यापेक्षा अवघड आहे.

माझ्या फॉर्मवर फितीच्या रकान्यात अकरा होतं. काट्याच्या रकान्यात सहा पूर्णांक दोन. मी नवा फॉर्म घेतला आणि फितीच्या रकान्यात सहा लिहिलं. जुना फॉर्म घडी करून पिशवीत घातला. कोणी मला काही विचारलेलं नव्हतं. हितेंद्र सर मॅडमना सांगत होते, "वजनाची खात्री करायचं काम माझं होतं, मी केली नाही." त्यांनी माझं नाव घेतलं नाही. त्यांना बहुतेक आठवतही नव्हतं की आकडा कोणाच्या तोंडून आला. त्या घाईत तो फक्त एक आवाज होता.

सीमा सिस्टरांनी मला घडी करताना पाहिलं. त्या हात धूत होत्या. म्हणाल्या, "कागद घरी न्यायचे नसतात, आकांक्षा." बस. आणि पुढच्या खाटेकडे गेल्या.

मी तो घरी नेला. संध्याकाळी बाबांनी विचारलं, आज किती पोरं मोजलीस? मी म्हटलं, चार.

त्याच संध्याकाळी मॅडमनी प्रिती आणि निलेशला सांगितलं होतं की औषध जास्त गेलं, का गेलं ते अजून कळलेलं नाही, उद्या सांगू. हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. सकाळी साडेआठला मी मॅडमच्या टेबलावर जुना फॉर्म ठेवला. त्यांनी तो उलगडला, मग फाइलमधला नवा काढला, दोन्ही शेजारी ठेवले. मला वाटत होतं, आता ओरडतील. म्हणाल्या, "एवढंच, की अजून काही आहे?"

मी म्हटलं, "आहे. सरांनी विचारलं तेव्हा मला बरं वाटलं. मला उत्तर द्यायचं होतं."

आत्या, हे मी त्यांना सांगितलं आणि आता तुला सांगतेय, तिसऱ्या कोणाला नाही. नियम मला पाठ होता. पण त्या एका क्षणी डॉक्टर मला विचारत होते आणि मी खाटेजवळ होते, आणि मला वाटलं, मी यांच्यातलीच आहे. फीत नीट पाहायला दोन सेकंद लागले असते. मला ते द्यायचे नव्हते.

मॅडम म्हणाल्या, "हे मला विसाव्या वर्षी झालंय आणि चाळिसाव्यालाही. चल, त्यांना सांगायचंय. बोलेन मी. पण तू तिथे असायला हवंस."

प्रिती बाळाला मांडीवर घेऊन बसली होती, निलेश उभा होता. मॅडमनी स्टूल सरकवलं. बसल्या आणि सरळ सांगितलं. फीत उलटी लागली, आकडा चुकीचा निघाला, तो या मुलीने सांगितला, डॉक्टरांनी पडताळला नाही, त्यामुळे जवळजवळ दुप्पट औषध गेलं, त्यामुळे श्वास थांबला. ही फीत आमच्या अभ्यासाची होती, त्याची जबाबदारी माझी. 'पण', 'तरी', 'सुदैवाने' असा एकही शब्द त्यात नव्हता. मी कान देऊन ऐकत होते, कुठेतरी येईल म्हणून. आला नाही.

प्रिती म्हणाली, "म्हंजे तुमच्या शिकायच्या कामात माजी पोर गेली असती."

मॅडम म्हणाल्या, "हो. जाऊ शकली असती."

निलेशने विचारलं, "तक्रार कुठे करायची?" मॅडमनी त्याला अधीक्षकांचं नाव, खोली नंबर लिहून दिला. म्हणाल्या, "अर्ज लिहायला मदत लागली तर माझी घेऊ नका. खाली समाजसेविका बसतात, त्यांची घ्या."

मग प्रितीने माझ्याकडे पाहिलं. "तुला तोंड नाय? काल तर बोललीस."

मी म्हटलं, माझं चुकलं. मी फीत उलटी लावली आणि न विचारता बोलले. अजून काहीतरी म्हणायला गेले, पण जे सुचत होतं ते सगळं माझ्याबद्दलच होतं, म्हणून थांबले.

"किती वर्षांची तू?"

"वीस."

"मी तेवीसची," ती म्हणाली आणि बाळाची टोपी नीट करायला लागली.

त्या दिवशी अभ्यास थांबवला. निलेशने तक्रार दिली, द्यायलाच हवी होती. चौकशी समिती बसली. आणि मी जायची बंद झाले. घरी कोणाला माहीत नव्हतं. रोज सकाळी डबा घेऊन निघायची आणि दादरच्या वाचनालयात बसायची. आई डब्यात माझ्या आवडीची भेंडी द्यायची. तुला ते दुसरं पत्र मी तिथल्याच टेबलावर लिहिलं.

२८ तारखेला मॅडमचा फोन आला. मला वाटलं, समितीपुढे बोलावतायत. म्हणाल्या, "समितीपुढे मी जाऊन आले. तुझं नाव विचारलं, मी सांगितलं, आणि हेही सांगितलं की एका शिकाऊ मुलीच्या तोंडचा आकडा थेट सुईपर्यंत पोचू शकत होता ही व्यवस्था माझी होती. मला लेखी समज मिळालीय. आता फॉर्म बदलायचाय. तो कुठे चुकतो हे तुझ्याइतकं कोणाला माहीत नाही. उद्या ये."

मी म्हटलं, मला यायची भीती वाटते. म्हणाल्या, "असू दे. भीती घेऊनच ये."

गेले. आता फितीच्या डोक्याकडच्या टोकाला मुलाचा चेहरा छापलाय, ती उलटी पडली तर चेहरा पायाशी दिसतो. फितीवर किलो नाहीतच, नुसती अक्षरं आहेत, क, ख, ग. त्यांचे किलो संध्याकाळी ऑफिसात लावायचे. म्हणजे कोणी विचारलं तरी आमच्याकडे द्यायला आकडाच नाही. ही अक्षरांची कल्पना माझी. बाकीच्या पाच जणांना मीच शिकवलं, आणि का बदललं तेही मीच सांगितलं. एकीने विचारलं, "कोणाकडून झालं होतं?" मी म्हटलं, माझ्याकडून. ३ जूनला समितीने अभ्यास परत सुरू करायला दिला.

शुक्रवारी प्रिती बाळाला तपासायला घेऊन आली. बाळ छान आहे. मॅडमचा स्टेथोस्कोप तोंडात घालत होतं. तपासणी झाल्यावर मॅडम मला म्हणाल्या, त्या दिवसाच्या कागदावर अजून परवानगी नाही, मी विचारू का? मी म्हटलं, मी विचारते.

मी स्टूल घेतलं. म्हटलं, "ताई, त्या दिवसाचा तुमच्या बाळाचा कागद आमच्याकडे आहे. तुम्ही नाही म्हणालात तर आत्ता, तुमच्यासमोर रद्द करते. कोणी काही म्हणणार नाही."

ती म्हणाली, "रद्द केलास तर काय झालेलं ते कोणाला कळंल?"

"अभ्यासात नाही कळणार."

"आणि ठेवला तर?"

"तर चारशे मुलांमध्ये तेही राहील. फीत अशी चुकू शकते म्हणून."

तिने बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "मग ठेव. पण अकराच लिही. तू बोललीस तेच."

दोन्ही फॉर्म फाइलमध्ये आहेत. खोट्यावर मॅडमनी एकच तिरकी रेघ मारून तारीख घातलीय, फाडला नाही. त्याखाली माझी सही आहे.

बाबांना परवा रात्री जेवताना बाळाचं आणि फॉर्मचं सांगितलं. ते हात धुऊन आले आणि म्हणाले, "आत्याला सांगितलंस?" म्हणून हे पत्र एवढं लांब झालं.

तू काय म्हणशील याची वाट बघत,
आकांक्षा

डिलाईल रोड
रविवार, ३० जून

प्रिय आत्या,

तुझी चार पानं मिळाली. कोणाला दाखवलेली नाहीत, बाबांनाही नाही. मी ती गॅलरीत उभी राहून वाचली, मग घरात येऊन परत वाचली.

शहाऐंशी साली तू माझ्या आजच्या वयाहून आठच वर्षांनी मोठी होतीस, एवढंच माझ्या डोक्यात फिरत राहिलं. त्या दोन दिवसांच्या बाळाला ऊब द्यायची गरम पाण्याची पिशवी तू भरलीस, वर फडकं गुंडाळायचं राहिलं, आणि तुझी पाळी संपली म्हणून तू निघालीस. सकाळी बाळाच्या मांडीवर भाजल्याचा डाग. तेव्हा पाळीवर राधाबाई होत्या, म्हणून त्यांना काढलं. आणि तू गप्प राहिलीस. पाच वर्षं बदली कामगार म्हणून काढून कायम व्हायला तीन महिने उरले होते, बाबा नववीत होते, घरात दुसरं कोणी कमावणारं नव्हतं. तू लिहिलंस, 'राधा जाताना मला म्हणाली, मालन, तुझा डबा घे, माझ्या फळीवर राहिलाय. तिला माहीत होतं की नव्हतं, ते मला आजपर्यंत कळलं नाही.'

आणि शेवटी विचारलंस, तुझ्या मॅडम माझ्या जागी असत्या तर काय केलं असतं.

मी खूप विचार केला. मला माहीत नाही, आत्या. मॅडमना समज मिळाली, नोकरी गेली नाही. त्यांना स्टूल सरकवत खाली बसता येतं, कारण उठल्यावर त्यांची खुर्ची जागेवर असते. तुझ्यामागे खुर्ची नव्हती. हा फरक मी कधी विसरणार नाही. पण 'तुझं काही चुकलं नाही' असं मी लिहिणार नाही. मला ते कोणी म्हटलं असतं तर मी त्याच्याशी बोलणं बंद केलं असतं.

एवढं मात्र लिहिते. मी दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं आणि त्याचं सगळ्यांनी कौतुक केलं. माझ्याकडे एका रात्रीचं ओझं होतं. अडतीस वर्षांचं काढून कागदावर ठेवायला किती बळ लागतं, ते मला कळत नाही, पण तुझं अक्षर तिसऱ्या पानावर कसं बदललंय ते मी पाहिलंय. या दोन महिन्यांत मी बरीच मोठी माणसं जवळून पाहिली. तुझी ती चार पानं त्यांच्याच बरोबरीने ठेवलीत मी.

इंटर्नशिप शुक्रवारी संपली. माझ्या हातून त्र्याहत्तर मुलं मोजून झाली. मॅडमनी शनिवारचं येत राहा म्हटलंय, कॉलेज सांभाळून. सीमा सिस्टरांनी निरोप म्हणून एक बाळ माझ्या हातात दिलं आणि विचारलं, किती? मी म्हटलं, सांगत नाही. काट्यावर ठेवूया. त्या पहिल्यांदा मोठ्याने हसल्या.

आता कामाचं. तू लिहिलं होतंस की राधाबाई अँटॉप हिलला लेकीकडे असतात असं कधीतरी ऐकलेलं. तळमजल्यावरचे रघुवीरकाका तुमच्याच इस्पितळात वॉर्डबॉय होते ना, त्यांना मी फक्त पत्ता विचारला. कशासाठी ते सांगितलं नाही. त्यांनी दोन ठिकाणी फोन केले आणि तिसरा थेट राधाबाईंनाच लागला. सरकारी वसाहतीत तळमजल्यावर राहतात. चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत, चालतात, ऐकू नीट येतं, फक्त बोलतात अगदी हळू, असं काका म्हणाले. पुढे सात-आठ वर्षं एका शाळेत शिपाईण होत्या, मग घरीच. काकांनी तुझं नाव घेतलं तर लगेच म्हणाल्या, "आमच्या वॉर्डातली मालन? बरी आहे ती? तिच्या भावाचं शिक्षण झालं का पुरं?"

काकांनी फोन माझ्या हातात देऊ केला होता. मी घेतला नाही. मी बोलले असते तर परत दुसऱ्याच्या वतीने आकडा सांगितल्यासारखं झालं असतं.

महाडहून सकाळी सातची एसटी आहे, ती साडेअकरा-बाराला परळला येते. शनिवारी, ६ तारखेला ये, तिथून आपण दोघी राधाबाईंकडे जाऊ. पायरी उंच असते, कंडक्टरला हात द्यायला सांग. तुझं ऐकू न येणं आणि राधाबाईंचं हळू बोलणं, मधे मी आहे. त्या जे बोलतील ते मी तुझ्या कानात जसंच्या तसं सांगेन, कडू असलं तरी. तुझं मात्र तूच बोलायचंस.

त्या दार उघडणार नाहीत असंही होऊ शकतं. तरी ये.

शनिवारी परळ डेपोत उभी असेन,
तुझी,
आकांक्षा